संशयाचे बोट आणि घरातली माणसे
(हेनिंग मँकेल यांच्या 'बिफोर द फ्रॉस्ट' या कादंबरीविषयी)

आमच्या घरी अब्बांची एक लोखंडी पेटी होती. तिच्यात इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'चे जुने, पाने पिवळी पडलेले अंक होते. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्याशी आमची ओळख शाळेतल्या धड्यांच्या आधी झाली. पुढे मराठी वाचता येऊ लागले तेव्हा सार्वजनिक वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' भेटला. उर्दूतला जासूस आणि मराठीतला झुंजार दोघेही आमच्याशी प्रामाणिक होते. शेवटच्या पानावर गुन्हेगार हाती लागायचा, पुस्तक मिटायचे आणि शांत झोप लागायची. गुन्हेकथेकडून यापेक्षा जास्त काही मागावे, असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटलेच नाही.

हेनिंग मँकेल या स्वीडिश लेखकाच्या 'बिफोर द फ्रॉस्ट' या कादंबरीने ती झोप उडवली. मूळ स्वीडिश नाव 'इन्नान फ्रोस्टेन', म्हणजे हिव पडण्याआधी. स्वीडनमध्ये ती २००२ साली प्रसिद्ध झाली. आम्ही ती इंग्रजी अनुवादातून वाचली. पहिल्यांदा एका सुट्टीत घाईने वाचली, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम सावकाश. या दोन वाचनांत आमचे मत बदलले. ते कसे बदलले हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी लेखकाविषयी. मँकेल यांचा जन्म १९४८ सालचा, मृत्यू २०१५ सालचा. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये घालवला. तिथे मापुटो शहरातले एक नाट्यगृह ते चालवत. एक पाय बर्फात आणि दुसरा वाळूत, असे ते स्वतःविषयी म्हणत. १९९० च्या सुमारास ते स्वीडनला परतले तेव्हा देशातला परकीयांविषयीचा द्वेष वाढलेला त्यांना दिसला. वंशद्वेष हा गुन्हाच आहे, तर त्याच्याविषयी गुन्हेकथाच लिहिली पाहिजे, या विचारातून त्यांचा इन्स्पेक्टर कुर्ट वॉलँडर जन्माला आला. २०१० साली गाझाकडे मदत घेऊन निघालेल्या जहाजांच्या ताफ्यात ते स्वतः होते, आणि इस्रायली सैन्याने इतरांबरोबर त्यांनाही ताब्यात घेतले होते. हे आम्ही त्यांच्या बाजूने वाचकांचे मन वळवण्यासाठी सांगत नाही. चांगल्या बाजूला उभा राहिलेला माणूस चांगली कादंबरी लिहीलच असे नाही. पण या लेखकाला परका म्हणजे कोण हा प्रश्न आयुष्यभर सतावत होता, एवढे यातून कळते.

स्वीडनमध्ये गुन्हेकथेला समाजाची झडती घेण्याचे काम देणारे मँकेल पहिले नव्हेत. माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. सुखी, समृद्ध म्हणून जगभर नावाजलेल्या देशाच्या तळघरात काय सडते आहे ते त्यांनी दाखवले. त्या देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा १९८६ साली राजधानीच्या रस्त्यात गोळी घालून खून झाला आणि स्वीडनची निरागसता संपली असे लोक म्हणू लागले. मँकेल लिहू लागले ते या पडझडीनंतर.

आता कथा. शेवट सांगून वाचकांचा रस घालवण्याचा आमचा इरादा नाही. २००१ सालचा ऑगस्ट संपत आला आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतात, समुद्रकाठी इस्टाड नावाचे लहान गाव आहे. इन्स्पेक्टर वॉलँडरची मुलगी लिंडा पोलीस प्रशिक्षण संपवून तिथे आली आहे. वय तिशीला टेकलेले. गणवेश मिळायला अजून काही दिवस आहेत. स्वतःची खोली मिळेपर्यंत ती बापाच्या घरात राहते आणि दोघांची रोज भांडणे होतात. अशात तिची बालमैत्रीण आना वेस्टिन एक चमत्कारिक गोष्ट सांगते. आना लहान असताना सोडून गेलेला बाप आपल्याला माल्मो शहरात रस्त्यावर दिसला, असे ती म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी आना नाहीशी होते.

त्याच सुमारास त्या भागात जळते हंस आकाशात दिसतात. एक वासरू जाळले जाते. जुन्या पायवाटांचे नकाशे करणारी बिर्गिटा मेडबर्ग ही प्रौढ स्त्री जंगलातल्या एका झोपडीत मृत सापडते. तिचे शिर धडावेगळे केलेले, आणि हात प्रार्थनेसाठी जोडलेले. जवळ एक बायबल पडलेले, ज्याच्या ओळींमध्ये कोणीतरी आपल्या हाताने नव्या ओळी लिहिल्या आहेत.

कादंबरीची सुरुवात मात्र या गावात होत नाही. ती होते गयानाच्या जंगलात, जोन्सटाऊनमध्ये. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी जिम जोन्स या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या हुकमावरून तिथे नऊशेहून अधिक माणसे विषाने मेली. त्यांत शेकडो लहान मुले होती. ही इतिहासातली खरी घटना आहे. मँकेल यांनी तिच्यातून वाचलेला एक काल्पनिक माणूस उभा केला आहे. तोच आनाचा बाप, एरिक वेस्टिन. खोट्या प्रेषिताने फसवलेला हा माणूस त्यातून काय शिकतो? प्रेषित खोटा होता, आपण खरे व्हायचे, हे शिकतो. हा या कादंबरीतला सर्वांत भयंकर विचार आहे असे आम्हांला वाटते. मार खाल्लेला माणूस शहाणा होतोच असे नाही. कधीकधी तो फक्त मारायला शिकतो. शिक्षकाच्या पेशात हे रोज दिसते.

लिंडाचा तपास हा कादंबरीचा कणा. तिच्याकडे अधिकार नाही, पिस्तूल नाही, ओळखपत्रही नाही. तिच्याकडे आहे ती फक्त मैत्रिणीची ओळख. आना न सांगता जाणार नाही, एवढ्या एका खात्रीवर ती निघते. आनाच्या घरात ती जाते तेव्हा एका पोलिसाला दिसणार नाही ते तिला दिसते. नेहमीची वस्तू जागेवर नाही, घर नीटनेटके आहे पण नेहमीसारखे नाही. ती मैत्रिणीची डायरी वाचते. तसे करू नये हे तिला कळते, तरी वाचते. तिथे मेडबर्गचे नाव सापडते, आणि बेपत्ता मैत्रीण व मेलेली अनोळखी बाई एका धाग्यात येतात. ती मैत्रिणीची मोटार घेऊन फिरते, आनाच्या आईला, हेन्रिएटाला, जाऊन भेटते आणि ही बाई काहीतरी लपवते आहे हे ओळखते. चुका करते. बापापासून गोष्टी लपवते आणि अडचणीत येते. फरीदीसाहेब कधी चुकत नसत. लिंडा पानोपानी चुकते, आणि म्हणूनच ती खरी वाटते.

नव्या तपासनीसाचे शिक्षण दाखवताना मँकेल एक गोष्ट फार चांगली करतात. लिंडाला पुराव्यापेक्षा संशयाचे ओझे जड जाते. अनोळखी माणसावर संशय घेणे सोपे असते. ज्या मैत्रिणीसाठी आपण रात्ररात्र धावतो आहोत, तिच्याच बोलण्यात खोट आहे, हे स्वतःशी कबूल करणे तिला सर्वांत अवघड जाते. ते कबूल करायला तिला जितकी पाने लागतात तितकी खुन्याचा माग काढायलाही लागत नाहीत.

आता आमच्या पहिल्या वाचनाची गोष्ट.

कादंबरीचा शेवट ११ सप्टेंबर २००१ या तारखेशी येऊन थांबतो. त्या दिवशी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. न्यूयॉर्क कुठे आहे हे आम्हांला माहीत नव्हते. पण त्यानंतर आमच्या नावाचा उच्चार ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येते ते आम्ही वाढत्या वयात पाहिले, आणि या अंकाच्या वाचकांना ते वेगळे समजावून सांगायला नको. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. दिवस शब-ए-बरातचा. मेले ते मुसलमान आणि पकडले गेले ते नऊ जणही मुसलमान. पुढे २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. संशयाचे बोट आधी कुठे वळते हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

म्हणून ही कादंबरी पहिल्यांदा वाचताना आम्हांला काय वाटले ते लपवत नाही. आम्हांला बरे वाटले. २००२ साली सारे जग एकाच दिशेने पाहत असताना एका युरोपीय लेखकाने सांगितले की धर्माच्या नावाने जाळणारा माणूस आमच्या चर्चमधून, आमच्या गोऱ्या कातडीतून, आमच्या पवित्र ग्रंथाच्या आधारानेही येऊ शकतो. गर्भपात केलेल्या स्त्रिया त्याच्या लेखी पापी, चर्च त्याच्या लेखी भ्रष्ट. 'पाहा, तेसुद्धा!' असे आम्ही मनात म्हणालो. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ऑस्लो शहर आणि उटोया बेट इथे ७७ माणसे मारली गेली. पहिल्या काही तासांत कित्येक जाणकारांनी बोट आमच्याकडे दाखवले होते, आणि मारेकरी निघाला आंद्रेस ब्रेविक, तिथलाच, मुसलमानांचा द्वेष करणारा. मँकेल यांनी हे नऊ वर्षे आधी ओळखले होते असे म्हणून आम्ही पुस्तक मित्रांना वाचायला दिले.

दुसऱ्या वाचनात या बरे वाटण्याची लाज वाटली.

कारण 'पाहा, तेसुद्धा' म्हणताना आम्ही तोच हिशेब मांडत होतो जो आमच्याविरुद्ध मांडला जातो. गुन्हा माणसाचा नसून जमातीचा असतो, फक्त यावेळी तो दुसऱ्या जमातीच्या खात्यावर लिहायचा. मँकेल असा हिशेब मांडत नाहीत. त्यांची पहिली वॉलँडर कादंबरी 'फेसलेस किलर्स', १९९१ सालची, यासाठी आठवावी लागते. तिथे एका खेड्यात म्हातारे शेतकरी जोडपे मारले जाते आणि मरता मरता बाई 'परदेशी' असा एकच शब्द उच्चारते. शब्द बाहेर फुटतो. निर्वासितांच्या छावणीला आग लावली जाते, एका सोमाली माणसाला गोळी घातली जाते. तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. लेखक सवंग असता तर खुनी शेवटी स्वीडिश निघाले असते आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. ते निघतात परदेशीच. आणि तरीही तो सोमाली निरपराध होता, त्याला मारणारे इथले होते, आणि त्या एका शब्दाने जे झाले ते अन्यायच होते. खुनी कोण निघाला यावर त्या अन्यायाचे माप ठरत नाही. हे समजायला आम्हांला दोन कादंबऱ्या वाचाव्या लागल्या.

मग 'बिफोर द फ्रॉस्ट' नेमकी कशाविषयी आहे? आमच्या मते ती धर्माविषयी नाही, दोन बापांविषयी आहे.

कुर्ट वॉलँडर हा बाप म्हणून साधा, बेढब माणूस. चिडका, थकलेला. मुलीवर ओरडतो, मुलगी त्याच्यावर ओरडते. लिंडाने तरुणपणी जीव देण्याचा प्रयत्न केलेला आहे, आणि त्याचे ओझे दोघांच्या मध्ये न बोलता पडलेले आहे. पण हा बाप घरात आहे. सकाळी स्वयंपाकघरात भेटतो, त्याच्याशी भांडता येते, त्याला तोंडावर 'तुम्ही चुकलात' म्हणता येते. एरिक वेस्टिन याच्या उलट. तो नाहीच. वीसहून अधिक वर्षे तो फक्त आनाच्या मनात आहे, त्यामुळे त्याला पोट सुटत नाही, तो चिडत नाही, चुकत नाही. असा बाप एके दिवशी परत येतो आणि म्हणतो, मला तुझी गरज आहे. आना त्याच्या देवावर आधी विश्वास ठेवत नाही. ती आधी बाप परत आला यावर विश्वास ठेवते. देव मागाहून येतो.

आमच्या वर्गात दरवर्षी काही मुले अशी असतात ज्यांच्या पालकसभेला कोणी येत नाही. बाप कामासाठी दूर, किंवा घर सोडून गेलेला. अशा मुलाच्या खांद्यावर जो पहिला हात ठेवील त्याचे ते होते. तो हात क्रिकेटच्या सरांचा असेल तर मूल मैदानावर जाते, दुसऱ्या कुणाचा असेल तर दुसरीकडे. मुलगा हाताबाहेर गेल्यावर आपण त्याच्या विचारांची चौकशी करतो. हात कुणी ठेवला नव्हता, याची करत नाही. मँकेल ती करतात.

आणि त्या बायबलविषयी. धड्याच्या समासात शंका लिहिणारी मुले आम्हांला आवडतात. समास त्यासाठीच असतो. वेस्टिनचा माणूस मात्र समासात शंका लिहीत नाही. तो ग्रंथाच्या ओळींमध्ये आपल्या ओळी घालतो आणि मग त्या ग्रंथाच्याच आहेत असे मानू लागतो. ग्रंथ कोणताही असो, वाचणारा जेव्हा विचारणे थांबवून लिहू लागतो तेव्हा काय होते, याचे इतके साधे चित्र आम्ही दुसरीकडे वाचले नव्हते. लेखक त्यावर व्याख्यान देत नाही. पुस्तक झोपडीत पडलेले दाखवतो आणि पुढे जातो.

कादंबरीत उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली योगायोगाची. मुलीची मैत्रीण हरवते आणि बाप तपासत असलेला खून, दोन्ही एकाच मुळाशी जावेत, हे जरा जास्तच सोयीचे आहे. दुसरी मोठी. वेस्टिनच्या मागे जाणारी माणसे पोकळ राहिली आहेत. आना का गेली हे कळते, वेस्टिनचा नॉर्वेजियन साथीदार लांगास याला रस्त्यावरून उचलून त्याने आपलेसे केले हेही कळते. पण इतर अनुयायी केवळ नावे आहेत. जोन्सटाऊनमध्ये मेलेली माणसे मूर्ख नव्हती. त्यांतले बरेच जण गरीब, काळे, न्यायाच्या आशेने आलेले होते. त्या आशेचे रूप कादंबरीत दिसायला हवे होते. ते नसल्याने वेस्टिन मधूनमधून सिनेमातल्या खलनायकासारखा वाटतो. तिसरी उणीव शेवटाची. ११ सप्टेंबरची तारीख आणून लेखकाने आपल्या छोट्या गावाची गोष्ट मोठ्या जगाला जोडली खरी, पण त्या तारखेचे वजन इतके आहे की वाचक इस्टाडला विसरतो. जळता हंस मनात राहायला हवा होता, तिथे जळता मनोरा येऊन बसतो. तारीख न सांगताही हुशार वाचकाने जोड लावली असती.

लिंडाला घेऊन पुढे आणखी कादंबऱ्या लिहिण्याचा मँकेल यांचा विचार होता. या कादंबरीवरच्या २००५ सालच्या चित्रपटात लिंडाची भूमिका करणारी अभिनेत्री योहाना सेलस्ट्रॉम २००७ साली अकाली गेली, आणि लेखकाने तो विचार सोडून दिला. पुढे २००९ सालच्या शेवटच्या वॉलँडर कादंबरीत लिंडा पुन्हा येते, पण तपास बापाचाच आहे. त्यामुळे लिंडाची अशी ही एकच कादंबरी.

आमच्या समाजातल्या तरुण वाचकांनी, विशेषतः मुलींनी, ती वाचावी असे आम्हांला मनापासून वाटते. वाचल्यावर आधी बरे वाटेल. ते वाटू द्यावे. बाहेरून आपल्यावर रोखलेले बोट दुसऱ्या दिशेला वळलेले पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. पण तिथे थांबू नये. लिंडा थांबली असती तर तिला आना कधीच सापडली नसती. तिने परक्यांच्या वाटा शोधल्या, आणि मग धीर करून मैत्रिणीच्याच घराच्या उंबऱ्यात उभी राहिली. बाहेरच्यांनी आपल्यावर घेतलेला संशय अन्याय आहे हे म्हणत राहावेच लागेल. घरातल्या माणसांना, त्यांच्यावर प्रेम आहे म्हणूनच, प्रश्न विचारणे हे वेगळे काम आहे. ते बाहेरचे कोणी आपल्यासाठी करणार नाही, आणि केले तर नीट करणार नाही.

कादंबरी संपवली त्या रात्री आम्ही अब्बांना फोन केला. कारण काहीच नव्हते. बोलता बोलता नेहमीप्रमाणे एका फालतू गोष्टीवरून वाद झाला, आणि ते नेहमीप्रमाणे चिडून म्हणाले, तुला काही कळत नाही. फोन ठेवल्यावर आम्हांला फार हलके वाटले.